वाचलेला वेळ

मराठी भाषेत ‘कळ’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. यंत्राची कळ दाबली की यंत्र चालू लागते; दोन शेजाऱ्यांत कळ लावली की भांडण चालू लागते; आणि पन्नाशी उलटल्यावर मनगटात कळ येऊ लागली की डॉक्टरांकडील फेऱ्या चालू होतात. यांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या कळीचा परस्परांशी काही संबंध आहे, ही गोष्ट ध्यानात यावयास आमची अर्ध्याहून अधिक नोकरी खर्ची पडली. दुसऱ्या कळीविषयी आम्ही येथे काही बोलू इच्छीत नाही. कारण आम्ही महाविद्यालयात नोकरी करतो.

आम्ही अर्थशास्त्र शिकवितो. मर्यादित साधने आणि अमर्याद गरजा यांची सांगड कशी घालावी, हे गेली तीस वर्षे आम्ही तरुण मुलामुलींस सांगत आलो आहो. परंतु स्वतःच्या टेबलाशी बसलो म्हणजे हे शास्त्र आम्ही खुंटीवर टांगून ठेवीत होतो, हे कबूल केले पाहिजे. पूर्वी प्राध्यापकाच्या हाती खडू, हजेरीपट आणि वर्षअखेरीस उत्तरपत्रिकांचा गठ्ठा एवढाच संसार असे. आता त्याच्या पुढ्यात संगणक आहे, आणि त्या संगणकात उपस्थितीचे तक्ते, अंतर्गत गुणांचे तक्ते, अहवाल, अहवालांचे गोषवारे व गोषवाऱ्यांचे अहवाल असा अखंड प्रपंच आहे. हा प्रपंच आम्ही इतकी वर्षे उजव्या हातातील माउसच्या बळावर रेटीत होतो. कळफलकाचा उपयोग अक्षरे उमटविण्यापुरता; बाकी सारे हुकूम माउसने द्यावयाचे, असा आमचा समज होता.

एके वर्षी मार्च महिन्यात अंतर्गत गुण भरण्याच्या शेवटच्या दिवशी सायंकाळी आम्ही कचेरीत बसलो होतो. तीन तुकड्या, एकशे शहाऐंशी विद्यार्थी, आणि प्रत्येकाच्या नावापुढे चार रकाने. बेरजेचे सूत्र आम्हांस ठाऊक होते. परंतु ते एका ओळीतून खालच्या सर्व ओळींत न्यावयाचे म्हणजे चौकटीचा कोपरा माउसने धरून एकशे शहाऐंशी ओळी ओढीत न्यावा लागे. मध्येच बोट सुटे, किंवा पडदा असा काही वेगाने पळू लागे की आम्ही हजाराव्या ओळीवर जाऊन आदळत असू. आमच्या महाविद्यालयाचे हेडक्लार्क, ज्यांस लहानथोर सर्वजण भाऊसाहेब म्हणतात, कुलूप लावण्यासाठी आमच्या मागे येऊन उभे राहिले होते. बराच वेळ त्यांनी तो देखावा पाहिला आणि मग ते अदबीने म्हणाले,

“सर, रागावणार नसाल तर एक बोलू का?”

“बोला ना, भाऊसाहेब.”

“तुमचा उजवा हात मघापासून नुसत्या प्रदक्षिणा घालतोय, आणि डावा ओसरीवर बसून राहिलाय. त्यालाही काही काम द्या की.”

असे म्हणून ते शेजारी बसले. त्यांनी हव्या त्या चौकटी निवडल्या, कंट्रोलची कळ धरून ‘डी’ दाबली, आणि वरचे सूत्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शेवटच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचले. आमचा पाऊण तासाचा उद्योग दहा मिनिटांत आटोपला. आम्हांस आनंद झाला हे खरे. परंतु त्या आनंदाखाली थोडी शरमही होती. ‘कारकुनी काम’ हा शब्द आमच्या वर्गातील मंडळी ज्या स्वरात उच्चारतात, तो स्वर आम्हांसही अपरिचित नव्हता. हात हलका असणे ही एक विद्या आहे आणि ती आपल्याजवळ नाही, असे आम्हांस त्या सायंकाळी प्रथमच वाटले.

भाऊसाहेबांनी ही विद्या संगणकावर कमावलेली नव्हती. तारुण्यात त्यांनी शासनाची टंकलेखनाची परीक्षा यंत्रावर दिली होती. मिनिटास तीस मराठी शब्द, आणि तेही कळफलकाकडे न पाहता. ओळ संपत आली की घंटी वाजे, दांडा सरकवून पुढची ओळ धरावयाची. कागदाखाली तीन कार्बन घातलेले असत, आणि एक अक्षर चुकले तर चारही प्रतींवर ते खोडावे लागे. म्हणून बोट उचलण्यापूर्वी मजकूर एकदा पुरता वाचून घ्यावयाचा, अशी त्यांच्या गुरूंची शिस्त होती. या शिस्तीचे महत्त्व आम्हांस पुढे फार महाग पडून कळले. त्याविषयी ओघाने सांगूच.

एकदा कुतूहल जागृत झाल्यावर स्वस्थ बसणे हा प्राध्यापकाचा धर्म नव्हे. आम्ही या कळांचा पूर्वेतिहास शोधू लागलो, आणि तो आम्हांस बराच मनोरंजक वाटला. माउसचे जनक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे आपल्या यंत्राचे जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक दाखविले, त्यात त्यांच्या उजव्या हाताखाली माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांची एक लहानशी पट्टी होती. म्हणजे खुद्द माउसच्या जनकानेही डाव्या हातास ओसरीवर बसविले नव्हते! पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० नंतरच्या दशकात मजकूर कापणे, त्याची नक्कल घेणे व तो अन्यत्र चिकटविणे या क्रिया आजच्या रूपात आणल्या. अ‍ॅपल कंपनीच्या १९८३ सालच्या लिसा संगणकावर या क्रियांना एक्स, सी आणि व्ही, आणि केलेले मागे घेण्यास झेड, अशी अक्षरे मिळाली. कळफलकाच्या तळच्या रांगेत ही चारही अक्षरे डाव्या हाताच्या बोटांखाली ओळीने बसलेली आहेत. एक्स म्हणजे काट मारल्याची खूण, आणि व्ही म्हणजे ‘येथे घाला’ असे सांगणारे खाली टोक असलेले चिन्ह, अशी त्यांची संगती लावतात. टेस्लर २०२० सालच्या फेब्रुवारीत निवर्तले. ज्यांची बोटे दिवसातून शेकडो वेळा त्यांनी दिलेल्या वाटेने जातात, त्यांच्यापैकी फार थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक आहे.

मराठी माणसास ही कल्पना परकी वाटण्याचे काही कारण नाही. बोरू वारंवार उचलावा लागू नये म्हणून मोडी लिपीत ओळीची रेघ आधीच एका दमात ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरे एकमेकांस जोडीत जात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडील कित्येकांचे हिशेब आणि दस्तऐवज याच लिपीत लिहिले जात होते. आमच्या वडिलांच्या पिढीतील पत्रे ‘सा. न. वि. वि.’ या चार ठिपक्याअक्षरांनी सुरू होत. त्यात साष्टांग नमस्कारही आला आणि विनंती विशेषही आली. ‘रा. रा.’ म्हटले की राजमान्य राजेश्री हा सारा सरंजाम दारात उभा राही. नमस्काराचा मजकूर सर्वांस पाठ होता, तो संक्षेपाने लिहिल्याने कोणाचा अपमान होत नसे. परंतु त्याखाली जे ‘विशेष’ यावयाचे, म्हणजे घरी कोण आजारी आहे, पाऊस किती झाला, मुलीचे कोठे जमले, ते मात्र कोणी संक्षेपाने लिहीत नसे. ही गोष्ट आम्ही तेव्हा नुसती गंमत म्हणून टिपून ठेविली होती.

अर्थशास्त्र्यास आकड्यांवाचून चैन पडत नाही. स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरन व अ‍ॅलन न्यूवेल या तिघांनी १९८० साली संगणकावरील कामाच्या वेळेचे एक गणित प्रसिद्ध केले. त्यांच्या मोजणीप्रमाणे हात कळफलकावरून माउसवर नेण्यास सेकंदाचे चार दशांश, इष्ट जागेवर बाण नेण्यास सुमारे एक पूर्णांक एक दशांश सेकंद, आणि हात परत आणण्यास पुन्हा चार दशांश लागतात. त्यात बोट दाबण्याचा वेळ मिळविला म्हणजे एका हुकमास दोन सेकंदांहून किंचित अधिक वेळ होतो. दोन कळा दाबावयास साधारण माणसास अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ पुरतो. म्हणजे एका खेपेस दीड सेकंदाची बचत. दिवसातून अशा चारशे खेपा घडतात असे धरले, तर दिवसाची दहा मिनिटे आणि कामाच्या दोनशे दिवसांची तेहेतीस तासांहून अधिक बचत होते. एवढ्या तासांत पदवीच्या वर्गाचा निम्म्याहून अधिक विषय शिकवून होतो.

परंतु याच गणितात एक मेख आहे. काय करावयाचे ते क्षणभर मनात आणण्यास त्या तिघांनी सुमारे एक पूर्णांक पस्तीस शतांश सेकंद धरले आहेत. कळ कोणती हे आठवावे लागले, की झालेली बचत जवळजवळ सारी आठवण्यातच जाते. पोहणाऱ्यास ‘आता उजवा हात, आता डावा’ असे म्हणावे लागत नाही, त्याप्रमाणे कळ बोटांत मुरली तरच लाभ. म्हणून पन्नास कळांची यादी पाठ करण्याचा जो उत्साह आम्ही पहिल्या दिवशी दाखविला, तो भाऊसाहेबांनी मोडून काढला. “सर, आठवड्याला एकच. आणि त्या आठवड्यात त्या कामाला माउस हातात घ्यायचा नाही,” असा त्यांनी नियम घालून दिला. आम्ही एका चिठ्ठीवर त्या आठवड्याची कळ लिहून ती पडद्याच्या कडेला चिकटवीत असू. पहिल्या आठवड्यात काम सुरक्षित ठेवण्याची कंट्रोल-एस. कारण वीज जाण्याचा भरवसा नाही. मग शोधण्याची कंट्रोल-एफ. मग एका खिडकीतून दुसरीत जाण्याची ऑल्ट-टॅब. मग तक्त्यात बेरीज घालणारी ऑल्ट आणि बरोबरची खूण. मग आजची तारीख उमटविणारी कंट्रोल आणि अर्धविराम. मग चौकटीतील मजकूर दुरुस्त करावयास एफ-दोन. पावसाळा संपेपर्यंत वीस कळा आमच्या बोटांत उतरल्या. मनगटातील कळ पुरती गेली असे म्हणवत नाही. परंतु ती पूर्वीसारखी रोज भेटावयास येईनाशी झाली.

येथपर्यंतची कथा सुखाची आहे. आता त्या दहा मिनिटांचे पुढे काय झाले ते पाहावयाचे.

स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली दगडी कोळशावर एक ग्रंथ लिहिला. वाफेची यंत्रे सुधारली, तेच काम थोड्या कोळशात होऊ लागले, तेव्हा कोळशाचा एकंदर खप कमी होईल असे लोकांस वाटत होते. जेव्हन्सने दाखविले की, काटकसरीमुळेच यंत्रे स्वस्त पडून अधिक ठिकाणी वापरली जातात आणि खप उलट वाढतो. हा सिद्धान्त आम्ही दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवितो. परंतु तो कोळशाप्रमाणे आमच्या दिवसासही लागू आहे, हे काही केल्या आमच्या लक्षात आले नाही. आम्ही तक्ते लवकर पुरे करतो ही वार्ता पसरली, आणि दुसऱ्या दोन विभागांचे तक्ते ‘जरा पाहून द्या’ म्हणून आमच्याकडे आले. एक समिती होती, तेथे दोन झाल्या. वाचलेला वेळ आमच्या हाती कधी आलाच नाही. तो वाटेतच दुसऱ्यांनी उचलला. आणि जो थोडा उरला होता, त्याचे आम्ही स्वतः काय केले, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

दरवर्षी पाच-सात विद्यार्थी परदेशी किंवा परप्रांती पुढील शिक्षणास जातात आणि शिफारसपत्र मागावयास येतात. पूर्वी आम्ही एकेका पत्रास एक सायंकाळ देत असू. आता बोटे चालू लागली होती. मागील वर्षी एका विद्यार्थ्यासाठी लिहिलेले पत्र चांगले उतरले होते. आम्ही त्याची नक्कल घेतली, कंट्रोल-एच या कळीने जुने नाव काढून नवे घातले, पहिला व शेवटचा परिच्छेद नीट केला, आणि सहा मिनिटांत पत्र पाठवून दिले. ती विद्यार्थिनी आमच्या तीस वर्षांतील उत्तम विद्यार्थ्यांपैकी होती. आपल्या गावातील बायकांच्या बचत गटांवर तिने दोन वर्षे हिंडून प्रबंध लिहिला होता. कर्जाची वही कोण लिहिते, हप्ता चुकला तर कोण कोणाकडे जाते, हे तिने घरोघर बसून टिपले होते. त्या प्रबंधाविषयी लिहावयास आमच्याजवळ पुष्कळ होते.

पंधरा दिवसांनी ती आमच्या खोलीत आली. तिसऱ्या एका ठिकाणी छापील प्रत द्यावयाची होती, म्हणून तिने कचेरीतून पत्र घेतले होते. तिने ते टेबलावर ठेविले आणि खालच्या आवाजात म्हटले, “सर, दुसऱ्या परिच्छेदात दुसरंच कोणीतरी आहे.”

आम्ही वाचले. दुसऱ्या परिच्छेदात ऊस कारखान्यांवर प्रबंध लिहिणारा, क्रिकेटच्या संघाचे नेतृत्व करणारा एक मुलगा होता. त्याच्या नावाच्या जागी तिचे नाव बिनचूक पडले होते. आणि पुढच्या प्रत्येक वाक्यात इंग्रजीतील पुल्लिंगी सर्वनाम होते. तेच पत्र आधी दोन विद्यापीठांस जाऊन पोहोचले होते. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. ती फक्त म्हणाली, “तुम्हाला माझा प्रबंध आवडला होता असं मला वाटत होतं.”

त्या वाक्यास आमच्याजवळ उत्तर नव्हते. केलेले मागे घेण्याची कळ तक्त्यात चालते; टपालात पडलेल्या पत्रास ती लागू नाही. आम्ही तिची क्षमा मागितली. त्या दोन विद्यापीठांस आपली चूक स्पष्ट शब्दांत कळविली आणि नवे पत्र पाठविले. एकीकडून पोच आली, दुसरीकडून काहीच आले नाही. पुढे तिला त्या तिसऱ्या ठिकाणी प्रवेश मिळाला व ती गेली. पहिल्या दोन ठिकाणी नकार मिळाला, तो आमच्या पत्रामुळे की अन्य कारणाने, हे सांगता येणार नाही. आणि सांगता येत नाही हीच आमची शिक्षा आहे.

भाऊसाहेबांस ही हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी उपदेश केला नाही. त्यांनी एवढेच विचारले, “पाठवायच्या आधी वाचलं होतं का, सर?”

आम्ही वाचले नव्हते. सहा मिनिटांत पत्र झाले याचाच आम्हांस आनंद होता. मराठीत वेळही वाचतो आणि पत्रही वाचतात. आम्ही पहिले वाचविण्याच्या नादात दुसरे वाचावयाचे विसरलो. कार्बनच्या तीन प्रती खोडाव्या लागतील या धाकाने जो मनुष्य आधी मजकूर वाचावयास शिकला, त्याच्या हातून हे घडले नसते. त्याच्या बोटांचा वेग आम्ही घेतला. वेगाच्या आधीची शिस्त मात्र कचेरीतच राहून गेली.

याचा अर्थ कळा टाकून पुन्हा माउसच्या प्रदक्षिणा सुरू कराव्या, असा आम्ही लावला नाही. एकशे शहाऐंशी बेरजा ओढीत नेण्यात कोणताही सद्गुण नाही, आणि ज्यांस रोज कचेरीचे काम आहे त्यांनी या कळा अवश्य शिकाव्या, असेच आम्ही सांगू. परंतु नमस्कार कोठे संपतो आणि ‘विशेष’ कोठे सुरू होते, हे आमच्या वाडवडिलांस बरोबर ठाऊक होते. बेरीज, तारीख, रकाना, शीर्षक हा आपल्या दिवसाचा नमस्कार आहे. तो दोन कळांत उरकावा. एका माणसाविषयी दुसऱ्या माणसास काही सांगावयाचे असले म्हणजे ते ‘विशेष’ झाले. तेथे उपदेशापेक्षा नियमच बरा, म्हणून आम्ही दोन नियम केले. शिफारसपत्र कोऱ्या पानावर सुरू करावयाचे, आणि लिहून झाल्यावर ते एक रात्र ठेवून सकाळी मोठ्याने वाचावयाचे. जुन्या पत्रांचा साठा आम्ही संगणकावरून काढून टाकला. दुसऱ्या विभागांचे तक्तेही आता आम्ही नम्रपणे परत करतो. त्याने काही मंडळी नाराज झाली आहेत. परंतु ती सायंकाळ कोठून तरी आणली पाहिजे, आणि आमच्या शास्त्रात फुकट मिळणारी वस्तू नाही.

परवा पुन्हा एका मुलाने पत्र मागितले. त्याचा प्रबंध कपाटातून काढून आम्ही तो पुन्हा चाळला, आणि पत्रास दोन तास लागले. भाऊसाहेब येत्या जूनमध्ये निवृत्त होत आहेत. कुलूप लावावयास येऊन ते दारात थांबले. पडद्यावर कोरे पान आणि दोन ओळी पाहून त्यांनी काही विचारले नाही. किल्ली टेबलावर ठेवून ते म्हणाले, “होऊ द्या सावकाश, सर. कुलूप तुम्हीच लावा.”